रॉजर स्टॉबाक: मैदान सुटल्यावर जागेचा धंदा. कामी आलं काय, खेळ की नाव?

फ्रिस्कोकर (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न घरातला आहे, पण येतो जरा लांबच्या वाटेनं.

आमच्या ऑफिसचा भाडेकरार संपत आलाय. डॅलसच्या उत्तरेला एका इमारतीत आमची जागा आहे. करार वाढवायच्या मीटिंगला आमच्या बाजूनं बोलायला जो ब्रोकर आला, तो साठी ओलांडलेला गृहस्थ. मालकाच्या माणसानं भाव सांगितला. यानं वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि पेन टोपण लावून ठेवून दिलं. मग गप्प. चांगली दोन मिनिटं गप्प. मला घाम फुटला. शेवटी समोरच्यालाच राहवेना, त्यानं आपणहून तीन महिन्यांचं भाडं सोडून दिलं. लिफ्टमध्ये मी विचारलं, हे कुठं शिकलात? म्हणाला, "रॉजरकडे."

इथं रॉजर म्हटलं की आडनाव लागत नाही. रॉजर स्टॉबाक, सत्तरच्या दशकातला, डॅलस काउबॉईज या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा, बॉल फेकणारा खेळाडू. जानेवारी १९७२ आणि जानेवारी १९७८ असे दोन सुपर बोल, म्हणजे मोसमाचे अंतिम सामने, जिंकले, पहिल्यात सामन्याचा मानकरी. १९८० साली निवृत्त झाला. पण स्वतःची जागा-जमिनीची कंपनी काढली १९७७ मध्ये, म्हणजे खेळत असतानाच. तीच स्टॉबाक कंपनी २००८ मध्ये जोन्स लँग लासालनं ६१ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. तुमच्याकडे पुण्या-मुंबईतल्या ऑफिसांच्या इमारतींवर जेएलएलच्या पाट्या दिसतात ना, तीच ही कंपनी.

आता घरातला प्रश्न. चिरंजीव नववीत आहेत आणि शाळेच्या टीममध्ये निवड झालीय. पालकसभेत कोच म्हणाला, आम्ही खेळाडू नाही, उद्याचे साहेब घडवतो. उदाहरण अर्थात स्टॉबाकचं. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "एक स्टॉबाक दाखवतात. बाकीचे कुठं गेले ते कोण सांगणार?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या. अशा माणसाला धंद्यात खेळ उपयोगी पडतो, की नुसतं नाव?

टवाळपंथी

पहिला!

आधी एक सांगा, हाताने खेळतात त्याला फुटबॉल का म्हणतात? बाकी चर्चा नंतर.

नाक्यावरचा

नाव. विषय संपला. डॅलसमध्ये स्टॉबाकनं फोन केल्यावर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं कोण सांगणार? आमच्याकडे रणजीचे चार सामने खेळलेला माणूस विमा विकायला आला तरी लोक चहा पाजतात.

शंकासुर

चहा पाजतात. विमा घेतात का?

नाक्यावरचा

माझ्या वडिलांनी घेतला होता. पॉलिसी अजून कपाटात आहे. :D

सुपर_बिल्टअप

माझा धंदाच हा. अठरा वर्षं पुण्यात ऑफिसच्या जागा भाड्यानं लावतोय, त्यामुळे स्टॉबाकनं नेमकं काय केलं ते लिहितो. टंकाळा बाजूला ठेवून.

ऑफिसच्या जागेत ब्रोकर म्हणजे मुळात मालकाचा माणूस. इमारत भरायची, भाडं चढं मिळवायचं, हे त्याचं काम. जागा घेणारी कंपनी समोर एकटी बसते. तिच्या वाट्याला हा प्रसंग पाच-दहा वर्षांतून एकदा येतो, मालकाकडचा माणूस तो रोज करतो. म्हणजे गल्लीतल्या पोरानं रणजीच्या बोलरसमोर उभं राहायचं. स्टॉबाकच्या कंपनीनं ठरवलं की आपण जागा वापरणाऱ्याच्या बाजूनं बसायचं. मालकाचं काम घेतलं की उद्या त्याच मालकाशी भांडताना जीभ अडखळते.

वेळही बघा. ऐंशीच्या दशकात टेक्सासमध्ये तेलाच्या आणि कर्जाच्या पैशावर इमारती उभ्या राहिल्या. १९८६ ला तेल कोसळलं, मागोमाग कर्ज देणाऱ्या संस्था बुडाल्या, आणि काचेच्या इमारती रिकाम्या पडल्या. अशा बाजारात भाडेकरूला देव मानतात. ज्याच्या खिशात भाडेकरू, त्याच्या हातात बाजार. हे ओळखायला नाव उपयोगी पडत नाही.

धागाकर्त्याच्या ब्रोकरनं दोन मिनिटं गप्प बसून तीन महिने मिळवले. आमच्या धंद्यात हे खरं कौशल्य. पण गप्प बसता येण्यासाठी आजूबाजूच्या चार इमारतींचे भाव पाठ लागतात. नुसता गप्प बसलात तर समोरचा समजतो तुम्हाला काही कळत नाही.

खिडकीतली_मैना

सुपर_बिल्टअप, एकच प्रश्न. भाडेकरूच्या बाजूनं बसलेल्या या देवमाणसाला पैसे कोण देतं?

सुपर_बिल्टअप

:) नेमकं बोट ठेवलंत. अमेरिकेत बहुतेक वेळा मालकच देतो. कराराच्या एकूण भाड्यावर टक्केवारी, ती दोन्हीकडचे ब्रोकर वाटून घेतात.

खिडकीतली_मैना

म्हणजे भाडं जितकं जास्त आणि करार जितका लांब, तितकं "तुमच्या बाजूच्या" माणसाचं कमिशन मोठं. छान. आमच्या वाकडच्या फ्लॅटच्या वेळी एकानं आमच्याकडून एक महिना, मालकाकडून एक महिना असे दोन्हीकडून घेतले, आणि अकरा महिन्यांनी करार वाढवताना पुन्हा हात पुढे. तोही म्हणत होता, "वहिनी, मी तुमच्याच बाजूचा."

सुपर_बिल्टअप

आक्षेप मान्य. यावर उतारा एकच, गिऱ्हाईक परत यायला हवं. ज्या कंपनीची वीस शहरांत ऑफिसं आहेत, तिला एका शहरात फसवलंत तर उरलेली एकोणीस गेली. घरगुती भाड्यात हा धाक नसतो, म्हणून वाकडमध्ये तसं होतं.

अनुस्वार

"उतारा" शब्द आवडला. तोही सातबाराचा असता तर धाग्याला शोभला असता.

मेनफ्रेम_आजोबा

मजकूर मोठा आहे, सावकाश वाचा.

स्टॉबाकचं नाव निघालं आणि २८ डिसेंबर १९७५ चा सामना आठवला. पाहिला नव्हता, आम्ही कुठून पाहणार, पण पुढे अमेरिकेत असताना सहकाऱ्यांनी शंभरदा ऐकवला. काउबॉईज मिनेसोटात, १४-१० नं मागे, अर्ध्या मिनिटाचा खेळ उरलेला. स्टॉबाकनं मैदानाच्या मध्यावरून बॉल असा फेकला, जसा आपण जेजुरीला भंडारा उधळतो. कुणाच्या अंगावर पडेल ते देव जाणे. ड्रू पियर्सनच्या हातात पडला, १७-१४. हा कॅथलिक माणूस नंतर पत्रकारांना म्हणाला की मी डोळे मिटून "हेल मेरी" ही मेरीमातेची प्रार्थना म्हटली. तेव्हापासून असल्या हताश फेकीचं नावच हेल मेरी पडलं. मिनेसोटाचे लोक आजही म्हणतात की पियर्सननं बचाव करणाऱ्याला ढकललं. प्रेक्षकांतून आलेली दारूची बाटली पंचाच्या कपाळावर बसली होती.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच माणसाबद्दल. त्या दिवशी समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक होता फ्रॅन टार्केंटन. तो सामना टीव्हीवर पाहताना त्याचे वडील गेले. तोही मैदान सुटल्यावर धंद्यात पडला, आणि तोही मोठा साहेब झाला.

१९९२ च्या सुमारास मी अंधेरीच्या सीप्झमध्ये एका कंपनीत होतो. अमेरिकन गिऱ्हाइकाच्या कामासाठी आम्हाला ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट वर्कबेंच नावाचं सॉफ्टवेअर मिळालं होतं. ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचं. पडद्यावर चौकोन काढा, बाण जोडा, प्रोग्रॅम आपोआप लिहून मिळेल असा दावा. एसी खोलीत एकच मशीन, आणि पाळी लावून आम्ही सातजण. चौकोन सुंदर यायचे. प्रोग्रॅम आम्हीच रात्री बसून दुरुस्त करायचो. ते सॉफ्टवेअर अटलांटाच्या नॉलेजवेअर कंपनीचं, आणि कंपनीचा प्रमुख हाच टार्केंटन. त्याची स्वतःची कंपनी १९८६ मध्ये जेम्स मार्टिन या संगणकतज्ज्ञाच्या कंपनीत मिसळून ती बनली होती.

शेवट बरा झाला नाही. १९९४ मध्ये हिशेब नव्यानं मांडावे लागले, आणि भाव पाडून स्टर्लिंग सॉफ्टवेअरला कंपनी गेली. अमेरिकेच्या सेबीसारख्या संस्थेचा आरोप असा की, तिमाहीचा आकडा गाठायला माल मधल्या विक्रेत्यांकडे नुसता ठेवला, विक्री म्हणून दाखवला, आणि बाजूला चिठ्ठी दिली की पुढे विकला गेला तरच पैसे द्या. टार्केंटननं १९९९ मध्ये आरोप मान्य किंवा अमान्य न करता दंड भरून प्रकरण मिटवलं.

एकाच मैदानावर, एकाच दिवशी, एकाच जागी खेळणारी दोन माणसं. दोघंही अखेर हॉल ऑफ फेममध्ये. दोघांनाही नाव होतं. त्यामुळे नाक्यावरचा यांचं "नाव, विषय संपला" मला पटत नाही. नाव दोघांच्या दारापर्यंत गिऱ्हाईक घेऊन आलं, पुढचं ज्याचं त्यानं केलं.

टवाळपंथी

आजोबा, साष्टांग _/\_

तिमाही संपताना हेल मेरी टाकली म्हणायची, फक्त पंचाने पाहिली.

शंकासुर

हहपुवा

निवृत्त_खलाशी

सगळे फुटबॉल फुटबॉल करताय, मधली चार वर्षं कुणी बघतच नाही.

स्टॉबाक नेव्हल ॲकॅडमीचा. १९६३ ला कॉलेज फुटबॉलमधली सर्वांत मोठी हाइझमन ट्रॉफी मिळाली. "लाइफ" साप्ताहिकाचं मुखपृष्ठ त्याच्या फोटोसह तयार होतं, तेवढ्यात केनेडींची हत्या झाली आणि मुखपृष्ठ बदललं. १९६४ ला काउबॉईजनं त्याला नवे खेळाडू निवडण्याच्या दहाव्या फेरीत उचललं. इतक्या खाली का, तर सगळ्यांना ठाऊक होतं की हा नौदलाची नोकरी संपवल्याशिवाय येणार नाही. रंग ओळखण्यात दोष असल्यानं तो पुरवठा शाखेत गेला आणि व्हिएतनाममध्ये चू लाई इथं पुरवठा अधिकारी होता. काउबॉईजकडे आला १९६९ ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी.

मी आपल्या नौदलात याच शाखेत होतो. मालाडला आयएनएस हमलावर शिकलो. पुरवठा अधिकारी म्हणजे काय ते सांगतो. पिठापासून पंपाच्या वॉशरपर्यंत सगळं तुमच्या सहीवर. कमी पडलं तर तुमचं नाव, उरलं तरी तुमचं नाव. एकदा ताळा करताना चौदा ब्लँकेटं जास्त निघाली, तर रात्रभर बसून ती कुठून आली ते शोधलं, कारण जास्त निघणं हाही गुन्हाच. अशी चार वर्षं काढलेला माणूस भाडेकराराची पन्नास पानं शेवटपर्यंत वाचतो. माझ्या मते स्टॉबाक कंपनीचा पाया चू लाईच्या गोदामात आहे. डॅलसच्या गवतावर नाही.

सुपर_बिल्टअप

काकांना +१. भाडेकरार शेवटच्या दहा पानांत हरतात.

डॅलसची_डाळ

प्लेनोहून लिहितेय. माझा नवरा काउबॉईजचा भक्त. त्याच्या म्हणण्यानुसार क्वार्टरबॅक हाच मैदानावरचा सीईओ. पंचवीस-तीस सेकंदांत परिस्थिती वाचायची, दहाजणांना काम सांगायचं, आणि अंगावर शंभर-सव्वाशे किलोची माणसं धावून येत असताना डोकं थंड ठेवायचं. फ्रिस्कोकर, तुमच्या मुलाला हे नववीत शिकायला मिळत असेल तर वाईट काय?

शंकासुर

डाळताई, एक अडचण आहे. काउबॉईजचे डाव मैदानाबाहेरून कोच टॉम लँड्री ठरवायचा. स्टॉबाकला स्वतः डाव सांगायची फार इच्छा होती, लँड्रीनं दिलं नाही. १९७१ च्या मोसमात तर शिकागोविरुद्ध एका डावाला स्टॉबाक आणि पुढच्या डावाला क्रेग मॉर्टन असे आळीपाळीनं दोन क्वार्टरबॅक पाठवले. हा कसला सीईओ? हा निरोप पोचवणारा.

डॅलसची_डाळ

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, ज्यानं वरिष्ठाचा असला निर्णय सहन केला, त्याच मोसमात जागा पक्की केली आणि शेवटी सुपर बोल जिंकून आणला, तो पुढे कुठल्याही कंपनीत टिकेल.

(आणि तो म्हणतो शंकासुर ह्यूस्टनचा दिसतोय.)

शंकासुर

मी नागपूरचा आहे. सामने पहाटे उठून बघतो. रविवारची रात्र संपून सोमवारचं ऑफिस लागतं, झोप त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

रेडर_नंबर_७

मला त्या खेळातलं एवढंच कळलं की चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं. आपल्या कबड्डीत एका दमात जाऊन परत यायचं असतं.

आपल्याकडचं उत्तर वेगळं आहे. आमच्या काळी खेळाडूला आधी नोकरी. बँक, रेल्वे, एअर इंडिया, महिंद्रा. संघात घ्यायचे ते नोकरीसकट. अजित वाडेकर भारताचे कप्तान, आणि स्टेट बँकेत अधिकारी. मी स्वतः जिल्हा पातळीवर खेळलो आणि एका सहकारी बँकेत चिकटलो. सकाळी सराव, दुपारी काउंटर. गुडघा गेला तेव्हा काउंटर होताच. अमेरिकेतल्या खेळाडूला धंदा करावा लागतो, कारण काउंटर नाही.

खिडकीतली_मैना

गावसकर विसरलात. निरलॉनमध्ये होते, आणि १९८५ ला प्रोफेशनल मॅनेजमेंट ग्रुप काढला. खेळाडूंचे करार, जाहिराती, वर्तमानपत्रांतले स्तंभ असले काम करणारी आपल्याकडची पहिली कंपनी. तेव्हा आपल्याकडे या धंद्याला नावसुद्धा नव्हतं.

रेडर_नंबर_७

बरोबर, ताई. अनुमोदन.

नाक्यावरचा

त्या काळी अमेरिकेतही काउंटर होताच की. स्टॉबाकच्या पिढीतले कित्येक खेळाडू मोसम संपल्यावर नोकऱ्या करायचे. स्टॉबाक स्वतः सत्तरच्या सुरुवातीपासून हेन्री मिलरच्या जागेच्या कंपनीत काम करत होता. तीन लहान मुलं, खांदा निखळला तर उद्या काय, हा साधा हिशेब. २०२४ मध्ये नवख्या पोराचा किमान पगार ७ लाख ९५ हजार डॉलर होता. तो कशाला उन्हाळ्यात कुणाच्या ऑफिसात फायली उचलेल?

(होय, मी माझ्याच पहिल्या प्रतिसादाच्या विरुद्ध बोलतोय. आजोबांनी मत बदललं.)

अनुस्वार

मराठी संकेतस्थळावर कुणीतरी मत बदललं! संपादक, हा प्रतिसाद फ्रेम करा.

आकडेमोड

धागाकर्त्याच्या सौभाग्यवतींचा प्रश्न सगळे टाळताहेत. बाकीचे कुठं गेले?

२००९ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडनं छापलं की निवृत्तीनंतर दोन वर्षांत एनएफएल या तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे ७८ टक्के खेळाडू दिवाळखोर किंवा पैशाच्या ताणात असतात. हा आकडा सगळीकडे फिरतो. पण "ताण" म्हणजे काय ते कुणी मोजलेलं नाही. मग २०१५ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी न्यायालयाच्या नोंदी तपासून शोधनिबंध लिहिला. १९९६ ते २००३ मध्ये निवडलेल्या खेळाडूंपैकी निवृत्तीनंतर बारा वर्षांत सुमारे १६ टक्क्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. ७८ पेक्षा खूप कमी, तरी सहातला एक.

मला डाचलं ते पुढचंच. किती कमावलं आणि किती वर्षं खेळले, याचा दिवाळखोरीशी फारसा संबंधच लागला नाही. दोन वर्षं खेळलेला आणि दहा वर्षं खेळलेला, बुडण्याची शक्यता जवळपास सारखी.

मेनफ्रेम_आजोबा

म्हणजे माणूस पैसा कमी पडून बुडत नाही. आमच्या सोसायटीत दोन उदाहरणं आहेत, पण ती इथं नको.

डॉ_दवबिंदू

उशिरा आले. फ्रिस्कोकर, तुमच्या धाग्यात एक वाक्य तुम्ही पटकन ओलांडून गेलात. "१९८० साली निवृत्त झाला." का झाला?

शेवटच्या मोसमात त्याच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला. संघ चांगला, तो स्वतः भरात, वय ३८. डॉक्टरांशी बोलून तो थांबला. थांबता आलं, कारण तीन वर्षं आधी कंपनी काढलेली होती. धंद्याच्या या गोष्टीतला माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठा नफा हाच. ज्याच्याकडे दुसरं काही नसतं तो आणखी एक मोसम खेळतो.

२०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाचा अभ्यास आला. एनएफएल खेळलेल्या १११ जणांच्या मेंदूंपैकी ११० मध्ये वारंवार मार बसून होणारा आजार दिसला. घाबरून जाऊ नका, हे मेंदू दान आलेले होते, आणि लक्षणं दिसलेली कुटुंबंच जास्त करून दान करतात. म्हणजे सगळ्या खेळाडूंत हेच प्रमाण असं नाही. पण कमी लेखायचीही गोष्ट नाही.

मुलगा नववीत आहे म्हणून सांगते. टेक्सासमध्ये २०११ पासून कायदा आहे, डोक्याला मार बसल्याची शंका आली की त्या दिवशी बाहेर, आणि डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय परत नाही. कोचला साहेब कसे घडवता ते विचारू नका. गेल्या मोसमात किती मुलांना असं बाहेर बसवलं, ते विचारा. "एकही नाही" असं उत्तर आलं तर ते मला आवडणार नाही.

खिडकीतली_मैना

डॉक्टर, हा प्रतिसाद वर पिन करायला हवा.

टवाळपंथी

धागा गंभीर झाला. विषयांतर करतो. आपल्या पुण्याचाही अमेरिकन फुटबॉलचा संघ होता, ठाऊक आहे? पुणे मराठाज. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया निघाली होती, सामने झाले कोलंबोत. पैसे लावणाऱ्यांत ब्रँडन चिलर, ज्याचे वडील भारतीय, पॅकर्स या एनएफएल संघाकडून खेळलेला. हाही खेळाडूचा व्यवसायप्रवेशच.

नाक्यावरचा

पुण्याचा संघ, सामने कोलंबोत, आणि पुण्यात कुणाला पत्ता नाही. नाव पुरत नाही याला आणखी पुरावा कशाला?

शंकासुर

दुपारी १ ते ४ सामने ठेवले असणार.

अनुस्वार

आलाच तो विनोद. इतके प्रतिसाद लागले हेच आश्चर्य.

आकडेमोड

पॅकर्सवरून आठवलं. या प्रकारात माझा आवडता माणूस विली डेव्हिस. पहिले दोन्ही सुपर बोल जिंकलेल्या पॅकर्सचा बचावपटू. कृष्णवर्णीय, ग्रॅम्ब्लिंग कॉलेजचा. खेळत असतानाच शिकागो विद्यापीठात एमबीए करत होता, १९६८ ला पदवी घेतली. नंतर लॉस एंजेलिसमध्ये श्लिट्झ बिअरची वितरकी, मग रेडिओ स्टेशनं, मग मोठमोठ्या कंपन्यांची संचालकपदं. त्या काळी कृष्णवर्णीय माणसाला काउबॉईजच्या गोऱ्या क्वार्टरबॅकइतकी दारं उघडी नव्हती. "नाव" सगळ्यांना सारखं वापरता येत नाही, हेही धरा.

उलट बाजू पाहायची तर जेरी रिचर्डसन. १९५९ च्या अंतिम सामन्यात कोल्ट्स संघाकडून टचडाउन केलं, म्हणजे बॉल शेवटच्या रेघेपार नेऊन गुण मिळवले, बोनसच्या पैशांतून १९६१ ला स्पार्टनबर्गमध्ये हार्डीजचं बर्गरचं दुकान टाकलं, वाढत वाढत डेनीज हॉटेलांच्या मूळ कंपनीचा प्रमुख झाला. आणि त्याच कारकिर्दीत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना वाईट वागवल्याच्या खटल्यांत डेनीजला १९९४ मध्ये ५ कोटींहून जास्त डॉलर द्यावे लागले. पुढे कॅरोलिना पँथर्सचा मालक झाला, तोही ऑफिसातल्या गैरवर्तनाच्या आरोपांनंतर २०१८ ला संघ विकून बाहेर पडला. हाही कोचच्या भाषेत "घडलेला साहेब"च. त्याचं नाव पालकसभेत घेतात का विचारा.

डॅलसची_डाळ

ओह. डेनीजमध्ये आम्ही दर शनिवारी पॅनकेक खायचो. ही गोष्ट माहीत नव्हती.

फ्रिस्कोकर

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, आणि थोडा वृत्तांत.

डॉ. दवबिंदूंचा प्रश्न काल कोचला विचारला. तो जरा थांबला, मग म्हणाला, "चार. एकाला उरलेला सगळा मोसम." म्हणजे निदान नोंद तरी ठेवतो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, पाचवा आपला नको. चर्चा चालू आहे. शाळेत फ्लॅग फुटबॉलही आहे, त्यात अंगावर पडायचं नसतं, कमरेची पट्टी ओढायची, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तो खेळ आहे. चिरंजीवांचं मत, "ते लहान पोरांचं." सध्या घरात तिघांची तीन मतं आणि कुत्र्याचं चौथं.

निवृत्त खलाशी काकांचं चू लाईचं गोदाम मी त्या म्हाताऱ्या ब्रोकरला सांगितलं. खूश झाला. म्हणाला, रॉजरकडे मीटिंगला वेळेवर येणं म्हणजे उशिरा येणं. आणि कुणी फुटबॉलचा विषय काढला की तो दोन मिनिटं बोलायचा, मग म्हणायचा, आता तुमच्या करारातलं पान अमुक उघडा.

आमचा करार झाला. तीन महिने माफ, शिवाय आतल्या बदलांचा खर्च मालकाकडून.

नाक्यावरचा

त्या दोन मिनिटांसाठीच लोक येत असणार. मी पुन्हा अर्धा माझ्या पहिल्या मताकडे.

अनुस्वार

फ्रेम काढून टाका.

सुपर_बिल्टअप

अभिनंदन, फ्रिस्कोकर. पण मुद्द्याचं राहिलं. लोडिंग किती लागलं? म्हणजे वापरायच्या जागेवर लॉबी, जिने, सामाईक संडास यांचा भार किती टक्के?

फ्रिस्कोकर

१८ टक्के. १०,००० फुटांचं भाडं भरतो, त्यात हाताशी येते साधारण ८,४७५. उरलेल्या दीड हजार फुटांत एक संगमरवरी लॉबी आहे, आणि तिथं बसायला खुर्ची नाही.

सुपर_बिल्टअप

१८? फक्त? पुण्यात या, ४० दाखवतो. आणि संगमरवरसुद्धा नाही.

खिडकीतली_मैना

आणि ब्रोकर म्हणेल, वहिनी, मी तुमच्याच बाजूचा.